इंजिनरूममधली रिकामी जागा

पाणीपुरवठा खात्याच्या मध्यवर्ती भांडारात गेली एकोणतीस वर्षं जो जो माल आला, तो एका माणसाच्या हातातल्या स्टीलच्या मोजपट्टीखालून गेल्याशिवाय आत गेला नाही. व्हॉल्व्ह असो, वॉशर असो, नाहीतर वरिष्ठांच्या खुर्चीची गादी असो, पट्टी लागायची म्हणजे लागायची. माप एक मिलीमीटर कमी भरलं तर ट्रक आल्या पावली परत. त्यामुळे या भांडारपालांना सगळे मिलीमीटरसाहेब म्हणत. म्हणजे तोंडावर मिलीमीटरसाहेब आणि पाठ वळली की नुसतंच मिलीमीटर. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, दोन्हीचा अभिमान होता.

असा माणूस छप्पन्नाव्या वर्षी गेमिंग कॉम्प्युटर घ्यायला निघाला, याचं कारण म्हणजे लेकीचा एक फोन.

लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. दर रविवारी फोन व्हायचा आणि तो इतका ठरलेला असायचा, की दोघांनी एकमेकांची वाक्यं म्हटली असती तरी चाललं असतं. "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो. हवा कशी आहे?" "बरी आहे. तिकडे?" "बरी आहे. थांब, आईला देतो." पंचेचाळीस सेकंद. एका रविवारी मात्र तिने उशिरा फोन उचलला आणि धापा टाकत म्हणाली, "बाबा, नंतर करू का? माझी बोट बुडतेय."

मिलीमीटरसाहेब खुर्चीतून उठलेच. मग कळलं, की बोट कॉम्प्युटरवरच्या खेळातली आहे. मालवाहू जहाज, वादळ, धुकं, खडक. एकाने वर सुकाणू धरायचं, दुसऱ्याने खाली इंजिनरूम सांभाळायची. लेकीची मैत्रीण इंजिनरूममध्ये असायची, पण तिला मूल झालं आणि तिला आता श्वास घ्यायलाही सवड नव्हती.

"मग इंजिनरूममध्ये कोण असतं?"

"कुणी नाही. अनोळखी माणूस घेतला तर तो अर्ध्यातून निघून जातो. तुम्ही येता का?" असं म्हणून ती हसली.

"येतो."

"बाबा, मी गंमत केली."

"मी नाही केली."

मग लेक जरा वेगळ्याच सुरात म्हणाली, "दीड महिन्यानं जोड्यांची स्पर्धा सुरू होतेय. रविवारी दुपारी चार वाजता. नाव नोंदवू?"

"नोंदव," मिलीमीटरसाहेब म्हणाले आणि त्या रविवारच्या चौकोनात त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनाने 'इंजिन' असं लिहिलं.

आता घरातला जुना लॅपटॉप वीजबिल भरतानाच धापा टाकायचा. त्याला वादळात पाठवणं म्हणजे मनुष्यवधच. नवं यंत्र हवं होतं आणि ते ठेवायला जागा हवी होती. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून बायकोचं शिलाई मशीन. त्यावर ती शाळांचे गणवेश शिवायची. मशीनचं टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती, तिथे झाडू आणि छत्र्या राहत. मिलीमीटरसाहेबांनी फट मोजली. चोवीस सेंटीमीटर.

"मशीन थोडं इकडे घेतलं तर..."

"झाडू हलेल," बायको दोरा ओवता ओवता म्हणाली. "मशीन हलणार नाही."

"आणि पैसे?"

"घराला रंग द्यायचे बाजूला ठेवलेत ना, ते घ्या. भिंती थांबतील एक वर्ष. त्याच्यावर मात्र एक दमडी नाही."

झालं. मंजुरी मिळाली, जागा ठरली, रक्कम ठरली. दुसऱ्या दिवशी मिलीमीटरसाहेबांनी नवी फाइल उघडली, पाठीवर 'गेमिंग संगणक, लहान, सुटे भाग, खरेदी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि प्रत्येक भागासाठी तीन कोटेशनांचे तीन रकाने आखले. सरकारी माणूस एखाद्या कामाला किती मनापासून लागला आहे, हे त्याने आखलेल्या रकान्यांवरून कळतं.

कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर एक दाढीवाला दुकानदार होता. त्याने विचारलं, "गेमिंग? मुलासाठी का?"

"माझ्यासाठी."

दुकानदाराने एकदा त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं, एकदा काखेतल्या फाइलकडे पाहिलं आणि आतून स्टूल मागवलं. पुढचा दीड तास त्याने शिकवणी घेतली. प्रोसेसर म्हणजे डोकं. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळं बसतं ती पाटी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे समुद्र, धुकं आणि खडक पडद्यावर रंगवणारा चित्रकार, आणि सगळ्यात महाग गडी तोच. मिलीमीटरसाहेबांनी सगळं लिहून घेतलं. घोडं अडलं ते मदरबोर्डाच्या भावाशी.

"हा मोठा एवढ्याला आणि हा त्याच्या निम्म्या आकाराचा, तो महाग?"

"छोटा आहे ना काका, म्हणून."

"माल कमी आणि दर जास्त? माझ्या भांडारात असं कुणी बिल लावलं असतं तर मी त्याला गेटाबाहेर उभा केला असता."

"तुमच्या भांडारात लोक नळ घेतात काका. इथे लोक जागा वाचवतात. जागेचे पैसे लागतात."

या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे असं त्यांना राहून राहून वाटत होतं, पण ती सापडेना. आणखी दोन दुकानं फिरून झाली, रकाने भरले आणि तिन्हीकडे निकाल एकच निघाला: लहान मदरबोर्ड, लहान पॉवर सप्लाय, लहान पंखा, सगळं लहान म्हणून महाग. हे सगळं घेतल्यावर रंगाच्या पैशांत नवा चित्रकार बसत नव्हता. तो जुना घ्यावा लागणार होता.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहायचे. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले होते, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पुलासारखीच दिसायची. ते जिन्यात आडवे आले.

"पॉवर सप्लाय केवढा घेताय?"

मिलीमीटरसाहेबांनी आकडा सांगितला.

"छे! दुप्पट घ्या. उद्या पूर आला तर?"

"कॉम्प्युटरमध्ये?"

"पूर काय सांगून येतो?" इंजिनियर म्हणाले. इतक्या गंभीर चेहऱ्याच्या माणसाला नाही म्हणणं मिलीमीटरसाहेबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दुप्पट ताकदीचा घेतला. घरी आणून पट्टी लावली, तेव्हा लक्षात आलं, की ताकदीबरोबर त्याची लांबीही वाढते. परत करायला गेले, तर दुकानदार म्हणाला, सील तुटलंय, बदलून देतो, पण फॉर्मवर कारण लिहा. मिलीमीटरसाहेब खोटं लिहीत नसत. त्यांनी लिहिलं: 'पुराची शक्यता कमी आहे.'

शेजारी गाण्याच्या बाई होत्या, मधली भिंत सामाईक. त्यांची चिंता निराळी होती. "पंखा किती वाजेल हो? रविवारी चारला माझ्या मुली तानपुऱ्यावर बसतात. वाजेना का, पण बेसूर वाजायला नको." मिलीमीटरसाहेबांनी फाइलमध्ये नवा रकाना आखला: 'सूर'.

जुन्या ग्राफिक्स कार्डाची जाहिरात एका डॉक्टरीणबाईंनी दिली होती. त्या भूलतज्ज्ञ होत्या. "दिवसभर मी लोकांना झोपवते," दार उघडता उघडता त्या म्हणाल्या, "आणि या कार्डापायी माझी स्वतःची झोप उडाली. म्हणून काढतेय. पण वाटेल त्याला देणार नाही. घरात धूळ असते?"

"बायको कापड कापते. धागे असतात."

"धागे वाईट. आठवड्याला ब्रश फिरवाल?"

"रजिस्टर ठेवीन."

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. त्यांनी मऊ कापडात गुंडाळलेलं कार्ड असं बाहेर आणलं, की मिलीमीटरसाहेबांना दोन्ही हात पुढे करावेसे वाटले. मग त्यांनी खिशातून पट्टी काढली, तिच्या पुढचा वाकडा आकडा कार्डाच्या एका टोकाला अडकवला आणि दुसऱ्या टोकाशी डोळा नेला. दोनशे सदुसष्ट मिलीमीटर.

"किमतीच्या आधी लांबी विचारणारे तुम्ही पहिलेच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी किंमत आपणहून थोडी उतरवली. जाताना कार्डावरून एकदा हात फिरवून म्हणाल्या, "नीट वाग."

राहिला डबा. या सगळ्या वस्तू ज्यात बसायच्या त्याला दुकानदार कॅबिनेट म्हणायचे. चोवीस सेंटीमीटरच्या फटीत मावेल असा डबा शहरात कुठेच नव्हता. दुसऱ्या गावातला एक छोटा कारखाना तसे डबे करायचा. त्यांच्या पत्रकावर आतली लांबी छापली होती: कार्डासाठी दोनशे अडुसष्ट. कार्ड दोनशे सदुसष्ट. एक मिलीमीटर मोकळा. एखाद्याला हे अडचणीचं वाटलं असतं. मिलीमीटरसाहेबांच्या लेखी एक मिलीमीटर म्हणजे मोकळं मैदान होतं. ऑर्डर गेली.

पार्सल आल्याची चिठ्ठी पाच दिवसांत मिळाली. मिलीमीटरसाहेब अर्धी रजा टाकून पार्सल ऑफिसात गेले. खिडकीमागच्या कारकुनाने रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि मान वर केली.

"वर्णनात लिहिलंय, केस. नग एक."

"बरोबर."

"वजन पाच किलो दोनशे ग्रॅम."

"असेल."

"पाच किलो दोनशे ग्रॅम वजनाचा एक केस?"

मिलीमीटरसाहेबांना उलगडायला क्षणभर लागला. कॅबिनेटला इंग्रजीत केस म्हणतात, कारखानदाराने तेच लिहिलं होतं. त्यांनी समजावून सांगितलं, की हा डोक्यावरचा केस नाही आणि कोर्टातलीही नाही, हा डबा आहे.

"मग डबा लिहायचं होतं," कारकून शांतपणे म्हणाला. "केस, लोकर, पिसं, खिडकी नंबर चार. आरोग्य खात्याचा दाखला लागतो."

"अहो, उघडून पाहा ना."

"दाखल्याशिवाय उघडता येत नाही. आत खरंच केस निघाले तर?"

दुसरा कुणी असता तर भांडला असता. मिलीमीटरसाहेबांच्या मनात मात्र रागाबरोबर एक विलक्षण आदर दाटून आला. 'मग तसं लिहायचं होतं' हे वाक्य ते स्वतः एकोणतीस वर्षं म्हणत आले होते, ते दुसऱ्याच्या तोंडून कसं लागतं हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. चांगलंच लागतं.

त्यांनी कारखानदाराला वर्णन दुरुस्त करून कळवायला सांगितलं. कारखानदाराने तत्परतेने कळवलं: कॅबिनेट. दोन दिवसांनी मिलीमीटरसाहेब पुन्हा खिडकीशी उभे.

"कॅबिनेट म्हणजे कपाट. फर्निचर. खिडकी नंबर सात. टेम्पो आणलाय का?"

खिडकी सात मंगळवारी आणि शुक्रवारीच उघडायची. तिथल्या बाईंनी फर्निचरच्या गोदामात शोध घेतला आणि असं कपाट आलेलंच नाही, असा लेखी निर्वाळा दिला. कारण पार्सल अजून खिडकी चारमागे पिसांमध्ये पडून होतं. शेवटी मिलीमीटरसाहेबांनी स्वतः कागद घेतला, कारखानदाराला फोनवर एकेक शब्द सांगितला आणि त्याच्याकडून तसंच लिहून घेतलं: 'लोखंडी डबा, रिकामा, निर्जीव.' या सगळ्यात सोळा दिवस आणि चार अर्ध्या रजा गेल्या. डबा हातात आला तेव्हा कॅलेंडरवरच्या लाल शब्दाला जेमतेम आठ दिवस उरले होते.

शनिवारी दुपारी बाहेरच्या खोलीत चादर अंथरून जोडणी सुरू झाली. दुकानदाराने शिकवल्याप्रमाणे डोकं पाटीवर बसलं. पाटी डब्यात बसली. पंखा बसला, पॉवर सप्लाय बसला. बायको मशीन थांबवून बघत होती. वरचे इंजिनियर 'सहज' आले होते आणि खुर्ची ओढून बसले होते. शेवटी मिलीमीटरसाहेबांनी डॉक्टरीणबाईंचं कार्ड उचललं आणि हळूच आत सोडलं.

ते गेलं नाही. एक टोक बसलं की दुसरं डब्याच्या पुढच्या पट्टीवर चढायचं. तिरकं करून झालं, उलटं करून झालं. इंजिनियर म्हणाले, "उन्हाळ्यात लोखंड वाढतं."

मिलीमीटरसाहेबांनी पट्टी काढली आणि डबा आतून मोजला. दोनशे पासष्ट. पत्रकात दोनशे अडुसष्ट! त्यांचा चेहरा उजळला. चूक सापडली होती आणि ती त्यांची नव्हती. त्यांनी तिथेच कागद घेऊन कारखानदाराला पत्र लिहायला सुरुवात केली: 'आपण पुरवलेला माल छापील मापापेक्षा तीन मिलीमीटर कमी असल्याने नाकारण्यात येत आहे...'

"थांबा जरा," बायको म्हणाली. तिने गळ्यातली कापडी टेप काढली, गुडघ्यावर बसली आणि डबा मोजला. "दोनशे अडुसष्ट."

"कापडी टेप ताणते."

"माझी टेप ताणली असती तर या गावातल्या निम्म्या मुलांच्या चड्ड्या पडल्या असत्या. तुमची पट्टी आणा इकडे."

इंजिनियर उत्साहाने वर जाऊन आपली पोलादी मोजपट्टी घेऊन आले, पुलावरची, कंपनीचा शिक्का असलेली. तिघांनी आपापल्या पट्टीने मापं घेतली. डबा: बायको दोनशे अडुसष्ट, इंजिनियर दोनशे अडुसष्ट, मिलीमीटरसाहेब दोनशे पासष्ट. कार्ड: दोनशे सत्तर, दोनशे सत्तर, दोनशे सदुसष्ट.

मिलीमीटरसाहेबांनी पट्टी खिडकीशी नेली आणि चष्मा कपाळावर सरकवून पाहिली. टोकाचा आकडा बाहेरच्या बाजूला ओढला गेला होता. दोन्ही रिव्हेटं सैल झाली होती. त्यांना आठवलं. वर्षभरापूर्वी भांडारात रंगाचा एक डबा उघडत नव्हता, तेव्हा त्यांनी याच आकड्याने झाकण उचकटलं होतं. म्हणजे वर्षभर त्यांची पट्टी प्रत्येक वस्तूला तीन मिलीमीटर कमी दाखवत होती.

इंजिनियर पडल्या आवाजात म्हणाले, "चालायचंच," आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून निघून गेले.

बायकोने चहा ठेवला. मिलीमीटरसाहेब चादरीवरच बसून होते. कार्ड बसत नाही हे दुःख एव्हाना लहान झालं होतं. डोळ्यांसमोर एक माणूस येत होता. शहराच्या टोकाला वर्कशॉप असलेला एक मिस्त्री. आठ महिन्यांपूर्वी त्याने पाइप जोडायचे दोनशे कॉलर करून आणले होते. पट्टीवर ते तीन मिलीमीटर कमी भरले. मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, पुन्हा मोजा. माझं माप चुकत नाही." त्यावर मिलीमीटरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माझी पट्टीही चुकत नाही." ट्रक परत गेला होता. मिस्त्रीला काळ्या यादीत टाकणारी टिपणी त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

"सोमवारी ऑफिसात सांगेन," ते म्हणाले.

"आणि डबा?"

"डबा..." ते थांबले. डब्याची पुढची लोखंडी पट्टी दोन मिलीमीटर मागे नेईल असा सरळ हाताचा माणूस त्यांना शहरात एकच माहीत होता. त्यांनी डबा कापडात गुंडाळला आणि चपला घातल्या.

मिस्त्री लेथवर होता. त्याने मिलीमीटरसाहेबांना पाहिलं, लेथ बंद केली नाही. ते दारात उभे राहिले. पाच मिनिटांनी लेथ थांबली.

"बोला साहेब. आता काय कमी भरलं?"

"मी," मिलीमीटरसाहेब म्हणाले आणि पट्टी त्याच्या हातात दिली.

मिस्त्रीने आकडा बोटांनी हलवला. कॅलिपर काढलं, तपासलं. त्याने दोन माणसं कामावरून कमी केली होती, हे मिलीमीटरसाहेबांना भिंतीवरच्या, कामाचे कपडे टांगायच्या दोन रिकाम्या खुंट्यांवरून दिसत होतं. माफी मागायचं वाक्य त्यांनी रस्ताभर घोकलं होतं, ते ऐन वेळी पार विस्कटलं. "चूक माझी होती. तुम्ही सांगत होतात पुन्हा मोजा, मी मोजलं नाही. सोमवारी तसं लिहून देतोय. तुमचे दोनशे नग परत मागवायला लावतो. त्यांनी ऐकलं नाही तर वरच्यांकडे जातो."

"लिहून देणार? तुमच्या सहीनं?"

"माझ्या सहीनं."

मिस्त्रीने हात पुसले. "नग पडलेत मागे. गंजू नयेत म्हणून दर महिन्याला तेल लावतो. मोडीत घालायला मन होईना." मग त्याने कापडातल्या डब्याकडे पाहिलं. "हे काय?"

त्यांनी सांगितलं. लेक, बोट, इंजिनरूम, सगळं. मिस्त्रीने डबा उलटसुलट करून पाहिला आणि चेहरा अगदी सरळ ठेवून विचारलं, "किती घासू?"

"दोन मिलीमीटर."

"कोणत्या पट्टीनं?"

मिलीमीटरसाहेबांचे कान लाल झाले. मिस्त्री मात्र एवढा हसला, की त्याला भिंतीला टेकावं लागलं. त्याने तीन मिलीमीटर घासले, कडा गुळगुळीत केली आणि पैसे घेतले नाहीत. "कॉलर आत गेले की बघू," म्हणाला.

सोमवारी भांडारात जे व्हायचं ते झालं. टिपणी वरिष्ठांपर्यंत गेली. वरिष्ठांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "हे सांगायची काय गरज होती? कुणाला कळलं असतं?" मग हुकूम निघाला, की वर्षभरात नाकारलेला सगळा माल परत मागवून मोजावा आणि तो त्यांनीच मोजावा. तीन दिवस ते नव्या पट्टीने मोजत राहिले. शिपायापासून टायपिस्टपर्यंत प्रत्येकजण काही ना काही निमित्त काढून तिथून जात होता आणि जाताना 'सहज' विचारत होता, "साहेब, किती वाजले? नक्की?" मिलीमीटरसाहेब दर वेळी घड्याळ पाहून वेळ सांगायचे. गुरुवारी दोनशे कॉलर ट्रकमधून उतरले. एकूण एक बरोबर. त्यांनी प्रत्येक नगावर स्वतः खडूने खूण केली.

शुक्रवारी कार्ड डब्यात बसलं. डबा फटीत बसला. बटण दाबलं, पंखा फिरला. भिंतीपलीकडून गाण्याच्या बाई म्हणाल्या, "पंख्याचा सूर काळी दोन! राहू द्या, त्रास नाही."

रविवारी पावणेचारला मिलीमीटरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसले. खेळाची माहितीपुस्तिका त्यांनी छापून, छिद्रं पाडून फाइलला लावली होती. कानावर हेडफोन चढवले आणि लेकीचा आवाज इतक्या जवळून आला, की त्यांनी मागे वळून पाहिलं.

"बाबा? ऐकू येतंय?"

"येतंय. इंजिनरूम हजर आहे."

चार वाजता जहाज निघालं. खाली नळ्या, चाकं, दाबाचे काटे. हे तर भांडारच! मिलीमीटरसाहेबांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दाब ते अचूक सांगत होते, झडपा फिरवत होते. अकराव्या मिनिटाला मात्र पुस्तिकेतल्या पान नऊनुसार तेलाची तपासणी आली, आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

"बाबा! इंजिन का थांबलं?"

"तेल तपासतोय."

"आत्ता? समोर खडक आहे!"

"तपासल्याशिवाय मी पुढे जाऊ देणार नाही."

"बाबा, खडक!"

तेल उत्तम होतं. जहाज खडकावर गेलं. पडदा हलला, पाणी शिरलं, आणि तीन मिनिटांत स्पर्धेतली त्यांची जोडी शेवटून पहिली आली. मग हेडफोनमधून हसू ऐकू आलं. आधी दबलेलं, मग न आवरणारं, ती शाळेत असताना जिन्यावरून ऐकू यायचं तसं.

आता पडद्यावर एक लहान होडी होती, अंधुक समुद्र होता आणि होडीत दोघं समोरासमोर बसलेली.

"हे काय?"

"बुडालं की जीवरक्षक होडीत बसवतात. सुटका करणारं जहाज यायला वीस मिनिटं लागतात. काही करायचं नसतं. सगळे इथूनच बाहेर पडतात आणि नवा डाव लावतात."

"आपण बसू," मिलीमीटरसाहेब म्हणाले.

होडी हलत राहिली. लाटांचा बारीक आवाज होता. फोनवर पंचेचाळीस सेकंदांत संपणाऱ्या दोन माणसांपुढे वीस मिनिटं पसरली होती आणि मोजायला काहीच नव्हतं. मग मिलीमीटरसाहेबांनी तिला पट्टीची गोष्ट सांगितली. आकडा, कॉलर, मिस्त्री, वरिष्ठ, 'किती वाजले, नक्की?', सगळं. स्वतःची फजिती लेकीला सांगायची त्यांची ही पहिलीच वेळ. ती ऐकत राहिली.

"मग तुम्ही दुसऱ्या दिवशी ऑफिसला कसे गेलात?"

"बसनं."

"तसं नाही हो बाबा."

"तसंच गेलो बाळा. मान खाली घालून. तिसऱ्या दिवशी लोकांना कंटाळा आला."

मग ती म्हणाली, "माझीही एक मोठी चूक झालीय. दोन महिने झाले. सगळ्या टीमचं काम वाया गेलं. कुणी काही बोलत नाही, म्हणून जास्त त्रास होतो. मी जेवायलाही सगळ्यांबरोबर बसत नाही. आईला सांगू नका."

बायको पाठीमागे काज करत बसली होती. तिला लेकीचं बोलणं ऐकू येत नव्हतं. नवऱ्याचा चेहरा मात्र दिसत होता. तिने सुई खाली ठेवली.

"काय झालं ते पहिल्यापासून सांग," मिलीमीटरसाहेब म्हणाले.

ती सांगू लागली. मध्येच अडखळली, मध्येच नाक पुसल्याचा आवाज आला, आणि ती पुढे सांगत राहिली. तेवढ्यात पडद्याच्या कडेला दिवे दिसले. भलंमोठं जहाज धुक्यातून पुढे आलं आणि त्याने भोंगा वाजवला.

"अहो, जहाज आलं ना!" बायको मागून म्हणाली. "बघत काय बसलाय, चढा की!"

"बाबा, चढायचं का?" लेकीने विचारलं.

"तुझं सांगून झालं?"

"नाही."

"मग जाऊ दे त्याला."

जहाजाने आणखी दोनदा भोंगा वाजवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि ते हळूहळू निघून गेलं. मिलीमीटरसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "हं," ते म्हणाले, "मग तो तुझा साहेब काय म्हणाला?"